बर्फगाडीखालचं लिंबू

बाबा, तुमची ती गाडी काल चालली. वफ्राच्या वाळूत, स्वच्छ उन्हात, हीटरसकट. जिला तुम्ही खलास म्हणाला होतात, किंवा नीट सांगायचं तर माझ्या तोंडून म्हणवून घेतलं होतंत, तीच. तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. तेवढी आज माझी मनःस्थिती बरी नाही. राग आलाय, पण नेमका कुणाचा ते ठरत नाही. सकाळी तुमच्यावर असतो, जेवणापर्यंत आईवर जातो, आणि चहाच्या वेळी पुन्हा तुमच्याकडे येतो. शाळेत आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, मन गोंधळलं की कागदावर लिहून काढावं, सगळं आपोआप ओळीत लागतं. बघू. त्यांनी छातीठोकपणे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी पुढे तशा निघाल्या नाहीत.

तुमच्यामागे मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुष्कळ वर्षं काढली, निवृत्त झाले, आणि अजून इथे कुवेतमध्येच आहे, कारण ह्यांना शुवैखमधलं एसी दुरुस्तीचं दुकान सोडवत नाही. आम्ही खैतानमध्येच राहतो, उंच बिल्डिंगांच्या मधे चुकून उरलेल्या एका जुन्या बैठ्या घरात. मागे अंगण आहे. त्यावर पत्रा घालून ह्यांनी घरचं वर्कशॉप केलंय. दुकानातलं ते काम आणि घरातली ती हौस, असं हे म्हणतात. मला फरक दिसत नाही. दोन्हीकडून कपडे सारखेच काळे येतात. तर मागच्या हिवाळ्यात, ज्याच्या गराजमध्ये तुम्ही मेकॅनिक होतात त्या मालकाच्या, तुमच्या अरबाबच्या, मुलीचा फोन आला. ती माझ्याच वयाची, आठवत असेल तुम्हाला. आता आजी झालीय. लॅबमध्ये रक्त द्यायला यायची तेव्हा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुई लावू द्यायची नाही, आणि मी लावली की शिव्या द्यायची.

"वफ्राचं शेत विकतोय," ती म्हणाली. "शेडमध्ये तुझ्या बाबांची बर्फगाडी पडलीय. उद्या भंगारवाला येणार."

"माझ्या बाबांची कशी? गाडी तुझ्या बाबांची."

"माझ्या बाबांनी विकत घेतली. मारली तुझ्या बाबांनी." ती हसली, मग हसायची थांबली. "माझे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, त्या हिंदीने माझ्याकडे एवढी वर्षं काम केलं आणि एकच गोष्ट खोटी सांगितली."

इथे आपल्या सगळ्यांनाच हिंदी म्हणतात, त्याचं मला काही नाही. पण 'खोटी' या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझे वडील खोटं बोलायचे नाहीत. खोटं बोलले म्हणून मला सिस्टरांनी कोपऱ्यात उभं केलं होतं तेव्हा तुम्ही त्यांना पत्र लिहून आभार मानले होतेत, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "खरं आहे, ते बोललेच नाहीत. बोललीस तू. दोन वेण्या, पांढरे मोजे. बियॉन्ड रिपेअर, सर." हुबेहूब माझ्या त्या वेळच्या आवाजात. मी म्हटलं, भंगारवाल्याला कळव येऊ नकोस म्हणून. गाडी माझ्या अंगणात पाठव. मी तिचा गियरबॉक्स उघडते, तुटलेला गियर बाहेर काढते आणि तुझ्या चहाच्या ट्रेमध्ये आणून ठेवते. "यल्ला, आण," ती म्हणाली, "चहा तयार ठेवते." म्हणजे बघा, लोक गाडी दुरुस्त करण्यासाठी घरी आणतात. मी आणली ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती हे सिद्ध करायला.

माझ्या शाळेतला तो हिवाळा मला सगळा आठवतो आणि त्यातलं काहीच आता पूर्वीसारखं दिसत नाही. नाताळच्या सुट्टीत मी कॉन्व्हेंटातून तुमच्याकडे आले आहे. तुम्ही आणि आई खैतानच्या दोन खोल्यांत राहता. शुक्रवारी आपण तिघं अरबाबच्या गाडीतून वफ्राला जातो, आणि शेतावर टोमॅटोच्या वाफ्यांपलीकडे ती उभी आहे, नारिंगी रंगाची, डब्यासारखी, चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना रबराचे रुंद पट्टे आणि पट्ट्यांवर आडव्या लोखंडी पट्ट्या. अरबाबने ती कुठल्याशा थंड देशात डोंगरावर बर्फात पळताना पाहिली आणि जी बर्फात रुतत नाही ती वाळूत का रुतेल, असं म्हणून जहाजाने मागवली. तुम्ही तिच्याभोवती फिरता आहात, जिथे तिथे हात लावता आहात, आणि मी तुम्हाला इतकं खूश त्याआधी पाहिलेलं नाही. माझा पहिला नंबर आला तेव्हासुद्धा नाही. हीटरची नळी दाखवून तुम्ही मला म्हणता, "बघ, ह्याच्यात चहा उकळात." मग आई पिशवीतून दोन लिंबं काढते. नवीन गाडी आहे, चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय हलवायची नाही. तुम्ही कुरकुरता, अरबाबला अरबीत समजावता, तो म्हणतो ठेवा की, आणि तुम्ही दोन पट्ट्यांखाली दोन लिंबं ठेवून आत चढता. गाडी घरघरत पुढे जाते. मागे वाळूत दोन रुंद पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांत, अर्धी रुतलेली, पिवळीधमक, दोन्ही लिंबं जशीच्या तशी.

अरबाब टाळ्या वाजवतो. लिंबूसुद्धा फुटलं नाही, पाखरासारखी हलकी आहे, असं ओरडत एक लिंबू उचलून आपल्या मुलीकडे फेकतो. ती साल काढून, मीठसुद्धा न लावता, तिथेच खायला लागते. आई दुसरं उचलते, पदराला पुसते, बघते आणि कुंपणापलीकडे जितकं लांब जाईल तितकं फेकते.

संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात ती सोडे भिजत घालत होती. "गाडयेन लिंबू घेतल्यान नाय," ती म्हणाली. "माका ह्या काय बरा वाटणा नाय. तुमी त्या गाडयेत बसू नकात." मला हसू आलं. का येऊ नये? वजन जास्त जागेवर पसरलं की दाब कमी होतो, हे मी त्याच सत्रात शिकले होते. मी तिला ते समजावून सांगायला लागले, इंग्रजी शब्दांसकट, आणि तुम्ही दारातून म्हणालात, "आवशीक हसतंस? तुका कॉन्व्हेंटात घातलंय ता आवशीक हसूक नाय." तुमचा आवाज चढला नव्हता. पण मी जेवले नाही. बाबा, आईच्या दृष्ट काढण्याला, मिठाला, मोहरीला, आयुष्यभर कोण हसत आलं होतं? तुम्ही. मी तुमच्याकडूनच शिकले होते. आणि त्या दिवशी अचानक ते बंद, तेही मला न कळवता.

पुढच्या शुक्रवारी अरबाब गाडी समुद्राकडच्या खाऱ्या दलदलीवर नेणार होता, तुम्हाला चालवायला बसवून. वरून कोरडी दिसते आणि खाली पाय टाकला की माणूस गुडघ्यापर्यंत जातो, ती जमीन. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला शेतावर घेऊन गेलात. इंजिन चालू केलंत, ते चाललं, पण पट्टे हलले नाहीत. अरबाब उभा, त्याची मुलगी उभी. तुम्ही मला म्हणालात, "शेठना सांग, गियर गेलाय. हे इथे होण्यासारखं नाही. पार्ट कुठेच मिळणार नाही. नीट इंग्रजीत सांग." मी नीट इंग्रजीत सांगितलं. इट इज बियॉन्ड रिपेअर, सर. सिस्टर असत्या तर उच्चारांवर खूश झाल्या असत्या. अरबाबने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि शेडकडे गेला. मी शाळेत परत जाण्याआधी तुम्ही मला मुबारकियाच्या बाजारातून लहानसं घड्याळ घेऊन दिलंत. इंग्रजी छान बोललीस म्हणून. ते मी नोकरी लागेपर्यंत मनगटावर मिरवलं.

आता मला सांगा, तुमचं अरबी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगलं होतं. अरबाबशी तुम्ही रोज बोलायचात, भांडायचात, त्याचे विनोद आम्हाला घरी येऊन सांगायचात. मग मी कशाला? तेव्हा वाटलं होतं, मुलीचं इंग्रजी मिरवायला. तो समज मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता.

गाडी आमच्याकडे हाफ लॉरीवर आली. ह्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "कुवेतमध्ये हीटरवाली गाडी! एसी बसवू का?" मी म्हटलं, एसी नको, गियरबॉक्स उघडा. उघडला. तेलाचं डांबर झालेलं, पण आत सगळं शाबूत. ह्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ह्याचे दात तुझ्यापेक्षा चांगले आहेत." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे गाडीखाली पाठीवर पडले होते, तिथून ओरडले, "इकडे ये, इकडे ये. इथला शाफ्टच नाहीये." गियरबॉक्स आणि पुढच्या आसाला जोडणारा हातभर लांबीचा तुकडा, तो गायब. बाबा, मी अंगणातल्या अंगणात काय आनंदले! तुटला असणार, तुम्ही काढून फेकला असणार, आणि अरबाबला समजावं म्हणून नुसतं 'गियर' म्हणाला असणार. म्हणजे तुम्ही खरं बोलला होतात. मी लगेच तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सापडला का तुटका शाफ्ट?" मी म्हटलं, भंगार कोण जपून ठेवतं. "मग चालवून दाखव," ती म्हणाली. "माझे वडील तिच्यात दुसऱ्यांदा बसले नाहीत. मला बसायचंय."

तेव्हापासून ते काम माझंच झालं. हे दुकानातून येईपर्यंत मी कार्बुरेटर उघडून रॉकेलमध्ये भिजवलेला असायचा. लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला बारीक भोकं साफ करायला कुणी शिकवावं लागत नाही. टाकीत मुठीमुठीने खिळे आणि पाणी घालून आम्ही दोघं ती दोन्ही बाजूंनी धरून हलवायचो, आतला गंज सुटेपर्यंत, बारशात पाळणा हलवावा तशी. पट्ट्यांच्या रबराच्या हातात घेताच वड्या पडत होत्या. तसे पट्टे आता जगात कुठे मिळतात देव जाणे. अमघराच्या भंगार बाजारातून हे एक दिवस कारखान्यातल्या कन्व्हेयरचा जाड पट्टा घेऊन आले. तो लांब पसरून, खडूने आखून, कापून, त्यावर जुन्याच लोखंडी पट्ट्या सरळ करून बसवल्या. कॅनडातल्या मुलाला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाला, "आई, स्नो इथे आहे आणि गाडी तिथे. समवन इज इन द राँग प्लेस." मी म्हटलं, तूच. तुमच्या वायरी मला ओळखू यायच्या. तुम्ही डावखुरे, नट सुटू नये म्हणून बांधलेली प्रत्येक तार उलट्या बाजूने पिळलेली. जिथे जिथे तशी तार दिसली तिथे मी थोडा वेळ थांबायचे. चांगले दिवस होते ते, लपवत नाही. तुमच्याशी इतकं मी तुम्ही असतानाही बोलले नव्हते.

शाफ्टचं माप घेऊन शुवैखमध्ये नवा करायला टाकायचा ठरलं. त्याआधी मागचं बाकडं काढायचं होतं, त्याचा फोम कुजला होता. बाकड्याखाली पत्र्याची पेटी. पेटीत हीटरची जादाची नळी, बर्फ खरवडायची एक पट्टी आणि तिच्याखाली कापडात गुंडाळलेलं लांबसं काहीतरी, दोन्ही टोकांना तारेने बांधलेलं. तार उलटी पिळलेली. मी ती सोडली नाही, ह्यांना हाक मारली. ह्यांनी सोडली. ग्रीसमध्ये माखलेला शाफ्ट, जसा कारखान्यातून आला तसा. ना ओरखडा, ना चीर. ह्यांनी तो दोनदा फिरवून पाहिला आणि परत कापडावर ठेवला. 

कापड आईच्या हिरव्या चौकड्याच्या साडीचं होतं. पण तुमच्या वर्कशॉपच्या सगळ्याच चिंध्या आईच्या साड्यांच्या असायच्या, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. मला वाटलं होतं सिद्ध होईल. तिथेच बाकड्याच्या सांगाड्यावर बसून मी विचार करत राहिले. आईच्या लिंबासाठी केलंत म्हणावं, तर आईला कधी सांगितलंत का? नाही. तुम्ही गेल्यावर एकदा मी तिच्याकडे त्या गाडीचा विषय काढला होता, तर ती म्हणाली, "ती मोडलीच ना! बघ, मी म्हटलेला." म्हणजे तिलाही तुम्ही मोडली असंच सांगितलंत आणि तिला जिंकू दिलंत. दलदलीला भ्यायलात म्हणावं, तर अरबाबला तसं सांगायचं होतं. तो ऐकणारा माणूस होता. तो चिडला असता, पण त्याने ऐकलं असतं. की तुम्हाला स्वतःलाच त्या न फुटलेल्या लिंबाची भीती वाटली, आणि ती तुमच्या तोंडून निघणार नव्हती? आणि हे सगळं जर कायमचं संपवायचं होतं, तर शाफ्ट समुद्रात का नाही टाकलात? ग्रीस लावून, गुंडाळून, बांधून गाडीतच का ठेवलात? कुणासाठी? अरबाबने त्यानंतर तुम्हाला शेतावर कधी नेलं नाही, शहरातल्या गराजमध्येच ठेवलं. 'होणार नाही' हे वाक्य तुमच्या नावावर लागलेलं तेवढंच. ते तुम्हाला किती बोचलं असेल हे आता गाडी उघडल्यावर मला कळतंय. इराकचे सैनिक आले तेव्हा त्या शेतावरच्या बाकी सगळ्या गाड्या घेऊन गेले, ही तेवढी हलली नाही म्हणून राहिली, असं अरबाबची मुलगी सांगते. यालाही तुमचा दूरदर्शीपणा म्हणू का? मी आता काहीही म्हणू शकते. तुम्ही उत्तर देणार नाही.

आणि मुख्य म्हणजे, मी. खोटं तुमचं आणि तोंड माझं. वेण्यांमधल्या मुलीच्या तोंडून इंग्रजीत आलं की ते खरं वाटतं, हे तुम्हाला ठाऊक होतं की तुमच्या स्वतःच्या जिभेवर ते येतच नव्हतं? यातलं दुसरं असेल तर मी तुम्हाला माफ करीन. पहिलं असेल तर घड्याळ परत घ्या. सापडलं तर, कधीच हरवलंय.

काल सकाळी गाडी वफ्राला नेली. शाफ्ट जुनाच, तुमचाच बसवला. ह्यांनी त्याला हात लावण्याआधी मला विचारलं, मी मान हलवली. शेतावर आता टोमॅटो नाहीत, नवीन मालकाचे खांब रोवलेत. अरबाबची मुलगी अबाया सावरत आली, पुढच्या सीटवर चढली आणि म्हणाली, "लिंबू कुठंय?" मी आणलं नव्हतं. मी असलं काही करत नाही, हे तिला सांगितलं. तिने स्वतःच्या पर्समधून दोन काढली. "तुझ्या आईला वाईट वाटेल," ती म्हणाली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ठेवली. मी डावा दांडा सैल सोडला, उजवा सोडला, आणि गाडी निघाली. बाबा, ती खरंच पाखरासारखी आहे. खालची वाळू जाणवत नाही. डावा दांडा ओढला की डावा पट्टा थबकतो आणि ती वळते, सभ्यपणे, आज्ञेत असल्यासारखी. हीटर बंदच होत नाही. आम्ही दोघी घामाने चिंब झालो आणि शाळा सुटल्यासारख्या ओरडत होतो.

परत येऊन उतरलो. लिंबं जशीच्या तशी. ती तिथेच थर्मास उघडून बसली, एक लिंबू चिरलं, काळ्या चहात पिळलं आणि मला विचारलं, "तर? खोटं बोलले होते का?"

मी म्हटलं, "शाफ्ट तुटलेला होता. दोन तुकडे. शुवैखमध्ये नवा करून घेतला. तेव्हा इथे असा कुणी करून दिला नसता."

तिने कपावरून माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाली, "तुझं इंग्रजी अजून छान आहे," आणि मला चहा ओतला.

येताना हे गाडी चालवता चालवता म्हणाले, "नवा शाफ्ट आपण केला कधी?" मी म्हटलं, समोर बघा.

मला कुणी सांगितलं नव्हतं, बाबा. माझं मीच बोलले, माझ्या तोंडाने, आणि ते सहज आलं. यामुळे तुमच्यावरचा राग वाढला की संपला तेही मला कळत नाही, म्हणून हे इथेच ठेवते. पाठवायचं तरी कुठे? एवढंच सांगायचं राहिलं. दुसरं लिंबू ह्यांनी खिशात घालून घरी आणलं. आज दुपारी सरबताला मागितलं. मी त्यांना कोपऱ्यावरच्या बकाल्यात, किराणा दुकानात, दुसरी आणायला पाठवलं. ते लिंबू फ्रीजमध्ये, मागे, दह्याच्या डब्याआड आहे. मी ते चिरणार नाही.